पैंजणाच्या उलट्या कड्या

ती घटना आठवली की आजही बोलता बोलता माझा आवाज खाली येतो. बायको म्हणते, एरवी तुम्ही एवढे खेकसणारे, आणि ही एकच गोष्ट देवळात बसल्यासारखी कशी सांगता? खरं आहे तिचं. पोलीस खात्यात तीसच्या वर वर्षं काढली, त्यातली निम्मी ओरडण्यात गेली. पण काही माणसांपुढे आवाज चढत नाही, त्याला काय करणार.

परवा हे सगळं निघालं ते एका कादंबरीवरून. निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी पेठेतल्या वाचनालयात जातो. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. जुना काळ, सरदाराची हवेली, तिथली मोलकरीण, तिच्या जिवावर उठलेला मालक आणि तिच्यावर जीव लावून बसलेला एक तरुण. चाळीस पानांत मला गुन्हेगार कळला. त्याचं कौतुक नाही, ती खात्याची खोड. पण मोलकरणीला सोडवायला तरुण घोड्यावरून येतो आणि तलवार उपसतो, तिथं मी पुस्तक मिटलं. मी ज्या मोलकरणीला पाहिलं तिच्यासाठी आलेला माणूस हुपरीच्या एसटीनं आला होता. त्याच्याकडे तलवार नव्हती, रुमालात गुंडाळलेली चांदीची साखळी होती.

नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं हयात आहेत, आणि ज्यांनी सोसलं त्यांना ते परत परत ऐकायला लावण्यात शहाणपणा नाही.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीचे लोक घरी निघाले होते आणि मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदार म्हणून बसलेला आमचा जुना हवालदार कुणाला तरी समजावत होता की पावणं, जरा दम खावा, साहेब मोकळे झाले की बोलावतो. पावणं काही दम खाईनात. शेवटी मीच हाक मारून त्याला आत घेतलं.

चाळिशीचा माणूस. धुतलेला सदरा, बोटांची टोकं काळपट, अंगठ्यावर भाजल्याचे बारीक डाग. चांदीचा कारागीर, हुपरीचा, पैंजणं करणारा. उभ्या उभ्याच त्यानं सांगून टाकलं की शहरातल्या अमुक एका बंगल्यात कामाला असलेली बाई धोक्यात आहे. कशावरून, म्हणालो, तर त्यानं रुमाल सोडला आणि साखळी टेबलावर ठेवली.

आता हे जरा समजावून सांगायला हवं. हुपरीत पैंजण एका माणसाच्या हातून पुरं होत नाही. तारेच्या बारीक कड्या कारागीर करतो. त्या एकीत एक अडकवून साखळी करायचं काम घरोघरच्या बायका करतात. कडीला एका जागी चीर असते, तिला ते लोक तोंड म्हणतात. चिमट्यानं तोंड उघडायचं, मागच्या कडीत घालायचं आणि मिटायचं. पुढे कारागीर ते तोंड झाळून पक्कं करतो. उजव्या हातानं काम करणाऱ्या बाईच्या कडीचं तोंड एका अंगाला येतं, डावखुरीचं दुसऱ्या. ही बाई डावखुरी होती. तिची साखळी झाळताना त्याला पाटावर उलटी मांडून घ्यावी लागायची. तीन वर्षं तो तेच करत होता.

बाई मूळची चंदगडकडची. नवरा वारल्यावर काही वर्षं हुपरीत भाड्यानं राहिली, तिथं हे काम शिकली. मग कोल्हापुरात एका म्हाताऱ्या बाईंच्या सेवेला राहिली. त्या आजींना लकव्याचा झटका आलेला, अंथरुणाला खिळलेल्या, मूलबाळ नाही. दुपारी आजींचा डोळा लागला की ही कड्या जोडत बसायची. दर गुरुवारी हा कारागीर यायचा, झालेली साखळी घ्यायचा, नव्या कड्या द्यायचा आणि दारातूनच परत जायचा.

चार दिवसांपूर्वी मात्र आजींचा पुतण्या स्वतः गाडी घेऊन हुपरीला गेला. बाई गावाकडं गेली आहे, जाण्याआधी एवढं काम पुरं करून गेली, म्हणून साखळी देऊन आला. कारागिरानं ती पाटावर घेतली तर पहिली वीतभर साखळी नेहमीसारखी, आणि तिथून शेवटपर्यंत सगळ्या कड्यांची तोंडं उलट्या अंगाला. म्हणजे काम हिनं सुरू केलं आणि पुरं दुसऱ्याच कुणीतरी केलं. मग मधे हिचं काय झालं?

खरं सांगतो, मला हसू आलं. कड्यांची तोंडं बघून गुन्हा नोंदवायचा म्हटलं तर वरिष्ठ मलाच रजेवर पाठवतील. शिवाय बाई बेपत्ता असल्याची खबर घेऊन परका पुरुष आला की आधी त्यालाच तपासायचं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. मी त्याला बसवला आणि अर्धा तास उलटसुलट विचारलं. तुझं तिचं काय? काही नाही. मग एसटीचं भाडं घालून कशाला आलास? त्यानं टेबलावरची साखळी सरळ करून ठेवली. तुमच्यात कधी बोलणं? त्यानं विचार करून सांगितलं की सगळं मिळून दहा-बारा वाक्यं झाली असतील, त्यातली निम्मी कड्यांच्या मापाबद्दल.

"मग तिला तू ओळखतोस तरी काय?" मी आवाज चढवून म्हणालो.

तो टेबलावरच्या साखळीकडे बघत म्हणाला, "साहेब, तीन वर्षं तिचं काम माझ्या हातातनं जातंय. माणूस तोंडानं खोटं बोलंल, हातानं न्हाय बोलत."

हे त्यानं ज्या पद्धतीनं सांगितलं ना, त्यावरून एवढं कळलं की गडी खोटं बोलत नाही. वेडा असेल, पण खोटा नाही. मी मिसिंगची नोंद घ्यायला लावली आणि हवालदाराला बंगल्यावर पाठवलं.

इथं मी चूक केली. गणवेशातला माणूस जीप घेऊन थेट फाटकात पाठवला. नव्या फौजदारालाही कळावं की असं केलं तर आतला माणूस सावध होतो. पण मनात कुठेतरी होतंच की हे कड्यांचं प्रकरण म्हणजे उगाच गावभर हिंडायला लावणार. हवालदार तासाभरानं परत आला तो चहाची तारीफ करत. पुतण्या फार सज्जन, म्हणाला. बाई चंदगडला गेली, फोन बंद आहे, कारण तिकडं डोंगरात रेंज नसते. आजी झोपल्या होत्या, डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका म्हणून बजावलंय. सगळं कसं जिथल्या तिथं. जिथल्या तिथं असलेल्या उत्तरांवर माझा कधीच विश्वास बसत नाही. खऱ्या माणसाच्या उत्तरात कुठेतरी घोळ असतोच.

चंदगड पोलिसांना फोन लावला. तिच्या गावचा पोलीस पाटील चिखल तुडवत तिच्या भावाकडे जाऊन आला. संध्याकाळी निरोप आला की बहीण गणपतीत येऊन गेली, त्यानंतर फिरकलीच नाही.

म्हणजे पुतण्या खोटं बोलत होता. आणि त्याच क्षणी माझ्या मनानं त्या बाईला मारून टाकलं. तुम्हाला कठोर वाटेल, पण आमचं गणित तसंच चालतं. काम अर्ध्यावर सुटलं, दुसऱ्या हातानं पुरं झालं, माणूस गावी पोचलं नाही. मी आजूबाजूच्या ठाण्यांतून बेवारस प्रेतांच्या नोंदी मागवल्या. कारागीर बाहेर बाकावरच बसून होता. नोंदी कशाच्या मागवल्यात ते त्याला ऐकू गेलं असणार. तरी तो बाकावरून उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन मी हुपरीला गेलो. साखळी पुरावा म्हणून ताब्यात घ्यायची तर तुलना करायला तिचं जुनं काम हवं होतं, आणि ते पंचांसमक्ष घ्यायचं होतं. जुनं काम आता कुठलं, सगळं झाळून विकून झालं, असं तो वाटेत पुटपुटत होता. घरी पोचलो तर त्याची म्हातारी आई उंबऱ्यात बसलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिसायचं ते अंदाजानंच. या म्हातारीनंही उभा जन्म कड्या जोडल्या होत्या. आम्ही कशाला आलोय ते कळल्यावर ती लेकाला म्हणाली, त्या डब्यातली काढ की.

तो लाजेनं लाल झाला. शेवटी फळीवरचा डबा काढला. त्यात एक न झाळलेली साखळी होती, तिनं त्याच्यासाठी केलेली पहिली.

"एवढी वर्षं मला सांगतोय, डाग पडलाय म्हणून विकली न्हाय," म्हातारी म्हणाली. "कुठं हाय डाग, दाव की सायबास्नी."

पंच हसले, मीही हसलो. कारागीर तेवढा खाली बघत राहिला. मग म्हातारीनं दोन्ही साखळ्या मागून घेतल्या. एक डाव्या हातात, एक उजव्या. अंगठा आणि बोट यांच्यामधून कडी कडी करत ती त्या सरकवत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मला घाई होती, दोनदा घड्याळ बघितलं. पंचांपैकी एकजण जांभई देत होता. जिथं उलट्या कड्या सुरू होत होत्या तिथं म्हातारीचं बोट थांबलं, मागं गेलं, परत पुढं आलं.

"हात एकच हाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, आई, अहो तोंडं उलटी आहेत, तुमच्या लेकानंच दाखवलं.

"तोंडं उलटी असू देत की. दाब तिचाच हाय. दुसऱ्या बाईचा दाब असा येत न्हाय, आन् ज्यानं कधी चिमटा धरला न्हाय त्याचे तर वळ उठत्यात. हितं एक वळ न्हाय. साखळी फिरवून धरलीया आन् मुद्दाम उलट्या अंगानं केलंय." ती जरा थांबली. "चुकून चार कड्या उलट्या जातात, सायेब. एवढ्या न्हाय जात. वीतभर सरळ करून तिनं सांगितलं की मीच हाय, आन् फुडं सांगितलं की काय तरी इपरीत घडलंय. जित्ती हाय ती. मेलेलं माणूस सांगत न्हाय."

माझं घड्याळ बघणं थांबलं. एका बाईनं कोंडलेल्या जागेतून खबर पाठवली होती. ती वाचू शकतील अशी दोनच माणसं, हा कारागीर आणि ही अर्धी आंधळी म्हातारी. आणि खबर घेऊन आला कोण, तर ज्यानं कोंडलं तोच, स्वतःच्या गाडीनं! साखळी परत गेली नाही तर चांदीसाठी कारागीर दारात येऊन बसेल, या भीतीनं त्यानं तिला घाईनं काम पुरं करायला लावलं आणि आपल्या हातानं पोचतं केलं. मी इतके खबरे पोसले, पण असली टीप मला जन्मात मिळाली नव्हती. कारागीर भिंतीला टेकून बसला होता, तोंडावर हात धरून. म्हातारी त्याला म्हणाली, रडतोस कशाला, जित्ती हाय म्हणलं न्हवं.

आता मी शहाण्यासारखा वागलो. परत आल्यावर आमच्या एका महिला शिपायाला साध्या लुगड्यात बंगल्यावर पाठवलं. तुमची बाई गेली म्हणं, काम मिळंल का, असं विचारायला. पुतण्यानं दारातूनच वाटेला लावली. सगळं मीच करतो, बाई नको, म्हणाला. ती परत आली आणि म्हणाली, साहेब, त्या घरात बाई हाय. कशावरून? तर परत येताना मागच्या बोळातून दिसलं, दोरीवर आजींची लुगडी वाळत होती, घट्ट पिळून, झटकून, काठाला काठ जुळवून घातलेली. दारातून दिसली ती फरशी ओल्या फडक्यानं पुसलेली, कोपऱ्यांसकट. "पुरुष माणूस कोपरा पुसत नाही, साहेब," असं तिनं वर ऐकवलं. माझ्याकडे बघून ऐकवलं की काय, कोण जाणे.

दुसरीकडे त्या आजींचे जुने डॉक्टर गाठले. ते म्हणाले की पंधरा दिवस झाले, पुतण्यानं मला येऊ नका म्हणून सांगितलंय. आजी त्या बाईशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नाहीत, असंही ते म्हणाले. एकदा ती दोन दिवस गावी गेली तर दोन दिवस उपाशी राहिल्या होत्या. आणि दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी केली तेव्हा सगळं चित्र उभं राहिलं. बंगला पुतण्याच्या नावे करण्याचं बक्षीसपत्र तयार होतं. आजी अंथरुणावर म्हणून अधिकाऱ्यानं घरी येऊन अंगठा घ्यावा असा अर्ज होता, आणि त्यांची भेट दोन दिवसांवर आली होती.

तोपर्यंत आजी जिवंत राहायला हव्या होत्या, आणि आजी जिवंत राहायच्या तर बाई लागणार होती. त्यानंतर दोघींपैकी कुणाचीच त्याला गरज नव्हती. बाईला तर मुळीच ठेवून चालणार नव्हतं, कारण काय घडलं ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुतण्याला ठाण्यात बोलावलं. बाई मिसिंग आहे, तुमचा जबाब लागेल, एवढंच कळवलं. आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात बाईच्या फोटोची झेरॉक्स, आमच्या मदतीला म्हणून. मी ओरडलो नाही. चहा मागवला आणि आजींच्या तब्येतीची चौकशी करत बसलो. माझी आई पाच वर्षं लकव्यानं अंथरुणाला होती. तिला भरवायचं काम बायकोचं आणि माझं. त्यामुळे काय विचारायचं ते मला पुस्तकात बघावं लागलं नाही.

लकवा कुठल्या अंगाला आहे? डाव्या, म्हणाला. बाई गेल्यापासून भरवतं कोण? मीच. घास कुठल्या गालात ठेवता? त्याला प्रश्नच कळला नाही. समोरून चमच्यानं देतो, म्हणाला. आणि पाणी? डोकं मागं करून, भांड्यानं.

मी कप खाली ठेवला. "लकवा झालेल्या माणसाला डोकं मागं करून पाणी पाजलं की ते घशाऐवजी छातीत जातं. तिसऱ्या दिवशी माणूस दवाखान्यात, पाचव्या दिवशी स्मशानात. तुम्ही एवढे दिवस भरवताय म्हणता. मग आजी जिवंत कशा? त्यांना भरवतं कोण?"

तो हातातल्या झेरॉक्सची घडी घालत राहिला, उलगडत राहिला. मीही गप्प राहिलो. चौकशीत गप्प राहणं हे मारहाणीपेक्षा शंभरपट उपयोगाचं, हे मला फार उशिरा कळलेलं शहाणपण. शेवटी तो म्हणाला, "साहेब, मी तिला अजून काहीही केलेलं नाही."

लेखनिकाला म्हणालो, 'अजून' हा शब्द जसाच्या तसा घे.

किल्ली त्याच्या खिशातच होती. पंच, महिला शिपाई, हवालदार, असे आम्ही जीपमध्ये बसलो. कारागीर तिसऱ्या दिवशीही बाकावर होताच. हवालदारानं मला न विचारता त्याला जीपमध्ये घेतलं आणि मी न बघितल्यासारखं केलं.

बंगल्यात मागच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. खिडकीला आतून पुठ्ठे ठोकलेले. त्या खोलीला जोडून मोरी होती, तिथंच ती धुणी धुवायची. दोरीवर घालायला आणि फरशी पुसायला पुतण्या तिला बाहेर काढायचा, तेवढा वेळ आजींच्या दारात उभा राहायचा. ओरडलीस तर हिच्या तोंडावर उशी दाबीन, असं त्यानं तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. फोनही काढून घेतला होता. गुन्हा काय तिचा, तर बक्षीसपत्राच्या कागदावर आजींचा अंगठा धरायला तिनं नकार दिला. त्या नको म्हणत्यात, हे तिनं त्याला तोंडावर सांगितलं. आजींना बोलता येत नव्हतं, पण मान हलवता येत होती.

मी कुलूप काढलं आणि दार ढकललं. खोलीत दिवा होता. खाटेवर आजी, पाठीमागं उशा लावून सरळ बसवलेल्या. शेजारी स्टुलावर ती बाई. किडकिडीत, पस्तिशीची, हातात पेजेची वाटी. दारात एवढी माणसं, खाकी कपडे, तरी ती उठली नाही. आमच्याकडे एकदा बघितलं, मग आजींकडे बघितलं, आणि डावा हात वर केला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "दोन घास राहिलेत."

आणि आम्ही थांबलो. मी, हवालदार, पंच, सगळे. तिनं चमचा आजींच्या चांगल्या बाजूच्या गालात घातला, हनुवटीला बोट लावलं, घोट उतरेपर्यंत वाट बघितली. मग दुसरा. पदरानं त्यांचं तोंड पुसलं. तेव्हा कुठं तिनं वाटी खाली ठेवली आणि आमच्याकडे तोंड केलं. मी टोपी काढली. मी मंत्र्यांना सलाम केले, महासंचालकांना केले, ते हुकूम म्हणून. त्या खोलीत टोपी काढली ती आपसूक.

जबाब घेताना आणखी एक गोष्ट निघाली, तीही तिनं सहज सांगून टाकली. एकदा तो फोनवर बोलत अंगणात गेला आणि दाराची कडी लावायची राहिली. ती मागच्या दारापर्यंत पोचली होती. बाहेर बोळ, बोळापलीकडं रस्ता. तिथून ती परत आली आणि खोलीत बसली. मी विचारलं, का? पळून थेट ठाण्यात आली असतीस तर त्याच दिवशी सुटली असतीस. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"मी रस्त्यापर्यंत जाणार, तंवर ह्यांचं काय झालं असतं, साहेब?"

मग साखळीचं. कारागिराच्या लक्षात आलं नसतं तर? असं कसं व्हईल, एवढंच ती म्हणाली. त्याच्याबद्दल तिलाही तीन वर्षांतली दहा-बारा वाक्यंच ठाऊक होती. पण साखळीच्या प्रत्येक कडीवरनं त्याचं बोट फिरतं हे तिला माहीत होतं, आणि तेवढ्या भरवशावर तिनं दोन जीव सोपवले होते.

तिला ओसरीवर आणलं तेव्हा कारागीर पायरीखाली उभा होता. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, एवढा जीव टांगून बसला होता गडी. त्यानं बराच वेळ शब्द जुळवले आणि विचारलं, "हात बरा हाय न्हवं?" तिनं दोन्ही हात पुढे करून दाखवले. त्यानं लांबूनच नीट बघितले. हवालदार नाक पुसत जीपकडे गेला.

पुढं गुन्हा नोंद झाला, दोषारोपपत्र गेलं, त्याला शिक्षा झाली. बक्षीसपत्रावरची अंगठ्याची जागा कोरीच राहिली. आजी आणखी आठ महिने जगल्या आणि बाई तिथंच राहिली. कारागीर गुरुवारी यायचा, तो आता दारातून परत जात नसे, चहाला थांबायचा. आजी गेल्यावर वर्षभरानं दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. म्हातारी सासू सुनेचे हात चाचपून म्हणाली म्हणे, ह्या हातांची मला वेगळी ओळख कशाला करून देता.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी सरळ सांगतो. तपास म्हणजे आपली अक्कल, असा माझा समज होता. या तपासात अक्कल होती ती सगळी त्या तिघांची, आणि त्यात मी माझी चूक तेवढी घातली. ज्यानं माणसाला रोज बघितलंय, त्याचं काम हातात घेतलंय, त्याच्या बोलण्याला पुरावा नसतो, पण तो पुराव्याच्या आधी पोचलेला असतो.

हे कळल्यावर मी एक काम केलं. मी स्वतः निकाली काढलेल्या बेपत्ता बायकांच्या जुन्या फायली रेकॉर्ड रूममधून मागवल्या. एका फायलीवर माझ्याच अक्षरात शेरा होता, रागाच्या भरात स्वखुशीने घर सोडून गेली असावी. त्या बाईची बहीण तेव्हा तीनदा ठाण्यात आली होती. ती एकच सांगायची, माझी बहीण डाळ भिजत घालून घराबाहेर पडणार नाही. मी तिला चहा पाजून परत पाठवलं होतं, आणि ती गेल्यावर आम्ही त्या डाळीवरून हसलो होतो.

फाईल पुन्हा उघडली आणि पेठ वडगावला त्या बहिणीच्या घरी गेलो. ती परसात भांडी घासत होती. मी कोण, कशासाठी आलो, ते सांगितलं. आता तुमचं सगळं ऐकून घेतो, म्हणालो. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि मला बसायला पाट दिला.

"पाच वर्षांनी आलासा व्हय, सायेब," ती म्हणाली.